फ्लॉरेन्सचे क्रीडांगण आणि त्याची तीन नावे

(क्रीडाशिक्षक, पंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गावात क्रीडांगण बांधावयाचे ठरले की जागा, खर्च आणि पायाभरणीचे पाहुणे यांचीच चर्चा होते. पुढील नव्वद वर्षांत त्या वास्तूचे काय होईल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून आज इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या फुटबॉलच्या मैदानाची हकीकत सांगावी म्हणतो. हे शहर आपणांस अगदीच परके नव्हे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच निवर्तले. वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला आणि त्यांचे स्मारक आजही तेथे उभे आहे.

प्रवासी फ्लॉरेन्सला जातात ते चित्रे आणि पुतळे पाहावयास. शहराच्या पूर्वेला, रेल्वेमार्गापलीकडे ‘कांपो दि मार्ते’ नावाचा भाग आहे, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. मार्ते म्हणजे रोमन लोकांचा युद्धदेव. हे पूर्वी सैनिकांच्या कवायतीचे पटांगण होते. १९२६ साली शहरात फिओरेन्तिना हा क्लब स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्ष लुइजी रिदोल्फी यांच्या पुढाकाराने या पटांगणावर नवे क्रीडांगण उभारण्याचे ठरले. काम सोपविण्यात आले पिएर लुइजी नेर्वी या अभियंत्याकडे. मैदानावरील पहिला सामना १३ सप्टेंबर १९३१ रोजी व्हिएन्नाच्या आडमिरा संघाशी झाला. बांधकाम पुढील वर्षी पुरे झाले.

नेर्वी तेव्हा चाळीस वर्षांचे होते व त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. हाताशी सिमेंट, लोखंडी सळ्या आणि बेताचा पैसा. त्यांनी संगमरवराचा मुलामा दिला नाही. काँक्रीट उघडेच ठेवले. मुख्य प्रेक्षागारावरील छत पाहा. त्याच्या पुढील बाजूस एकही खांब नाही, त्यामुळे कोणत्याही आसनावरून मैदान विनाअडथळा दिसते. छताच्या तुळया मागील बाजूस फाटे फुटल्यासारख्या विभागून प्रेक्षागाराच्याच सांगाड्यात रोवलेल्या आहेत. पुढे झुकणारा भार मागचे बांधकाम धरून ठेवते. आपल्याकडे घराच्या भिंतीतून बाहेर आलेला सज्जा ज्या तत्त्वावर तरतो, तेच हे तत्त्व, केवळ फार मोठ्या प्रमाणावर. बाहेरच्या बाजूचे जिने तर सर्पासारखे वळत वर जातात आणि त्यांना सावरणारी तुळई उलट दिशेने वळसा घेते. देशोदेशींच्या स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी हे जिने अभ्यासले आहेत.

आकाशातून पाहिल्यास हे क्रीडांगण रोमन लिपीतील ‘डी’ अक्षरासारखे दिसते. मुसोलिनीच्या पदवीचे हे आद्याक्षर, असे लोक म्हणत. मुख्य प्रेक्षागारासमोर धावण्याच्या शर्यतीसाठी लांब सरळ मार्गिका हवी होती, म्हणून एक बाजू सरळ ठेवावी लागली, हे कारण मला अधिक पटते. तथापि नाव मात्र निखालस राजकीय होते. १९२१ साली फ्लॉरेन्समध्ये मारल्या गेलेल्या जोव्हान्नी बेर्ता या फॅसिस्ट कार्यकर्त्याचे नाव क्रीडांगणास देण्यात आले. प्रसिद्धी खात्यात वीस वर्षे कोनशिलांचे मजकूर तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसास याचे नवल वाटत नाही.

१९३४ च्या विश्वचषकात इटली व स्पेन यांची उपान्त्यपूर्व लढत येथेच बरोबरीत सुटली. त्या काळी पेनल्टीवर निकाल लावण्याची पद्धत नव्हती. दुसऱ्याच दिवशी, १ जून रोजी, दमलेल्या खेळाडूंनी पुन्हा सामना खेळला आणि इटलीने तो एका गोलाने जिंकला.

त्यानंतर दहा वर्षांनी याच जागी जे घडले, ते सांगताना आवाज खाली येतो. १९४४ साली उत्तर व मध्य इटली जर्मन सैन्याच्या ताब्यात होती आणि मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या सरकारने तरुणांना सक्तीने लष्करात भरती होण्याचा हुकूम काढला होता. विक्किओ भागातील डोंगरी खेड्यांत धरपकड झाली. हुकूम न मानल्याबद्दल पाच तरुणांना २२ मार्च रोजी क्रीडांगणाच्या उंच ‘मॅरेथॉन मनोऱ्या’नजीक भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. लेआंद्रो कोरोना, ओत्तोरिनो क्विती, आंतोनिओ राद्दी, आद्रियानो सांतोनी आणि ग्विदो तार्जेत्ती अशी त्यांची नावे. नव्या रंगरुटांना मुद्दाम तेथे आणून हे पाहावयास लावले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शहर मुक्त झाले. इटलीतील त्या मोहिमेत बेळगावला केंद्र असलेल्या मराठा पलटणींचे जवानही लढत होते.

युद्धानंतर बेर्ताचे नाव गेले आणि मैदान नुसते ‘कोमुनाले’, म्हणजे नगरपालिकेचे, म्हणून ओळखले जाऊ लागले. तीन नावांपैकी मला हेच सर्वांत रुचते. २७ ऑक्टोबर १९५४ रोजी येथे एक चमत्कारिक प्रसंग घडला. सामना चालू असता प्रेक्षक एकाएकी आकाशाकडे पाहू लागले, खेळाडूही थबकले. वर काही चमकत्या वस्तू तरंगत असल्याचे अनेकांनी सांगितले. त्याचा वाद अद्याप मिटलेला नाही. १९५६ व १९६९ साली फिओरेन्तिनाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

१९९० च्या विश्वचषकासाठी मैदानाची पातळी खाली नेण्यात आली आणि धावण्याची मार्गिका काढून टाकण्यात आली. ज्या मार्गिकेसाठी वास्तूस ‘डी’चा आकार मिळाला, तीच नाहीशी झाली. त्या वर्षी अर्जेंटिना व युगोस्लाव्हिया यांचा सामना येथे पेनल्टीवर निकाली निघाला. मॅराडोनाची पेनल्टी अडविली गेली, तरी अर्जेंटिना जिंकली. त्यानंतर क्रीडांगणास तिसरे नाव मिळाले, ते १९८३ साली मोटार अपघातात निधन पावलेले फुटबॉल संघटक आर्तेमिओ फ्रांकी यांचे.

खरा पेच पुढेच आहे. प्रेक्षक पावसात भिजतात, दुकानांना जागा नाही, उत्पन्न अपुरे पडते, अशी क्लबची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. जुनी वास्तू पाडून नवी बांधावी, असे नव्या मालकांचे म्हणणे पडले. २०२० साली कायद्यात तशी वाटही करून देण्यात आली. इटलीतून व परदेशांतून वास्तुविशारदांनी विरोध केला. नेर्वींचे छत, जिने व मनोरा यांना हात लावता येणार नाही, असा निर्णय जानेवारी २०२१ मध्ये सांस्कृतिक मंत्रालयाने दिला. मग नगरपालिकेने आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि जुना सांगाडा राखून आत नवी प्रेक्षागारे बांधण्याचा आराखडा २०२२ मध्ये निवडला. पाठोपाठ २०२३ मध्ये युरोपीय आयोगाच्या आक्षेपामुळे ५ कोटी ५० लाख युरोंचा निधी हातचा गेला. निधी मंजूर होऊनही हाती न येण्याचा अनुभव आपल्यापैकी किती जणांना आहे, हे विचारावयास नको. तरीही २०२४ मध्ये काम सुरू झाले. ते अशा बेताने आखले आहे की एका बाजूस यंत्रे चालावीत आणि दुसऱ्या बाजूस सामने व्हावेत.

ज्या भिंतीशी ते पाच तरुण उभे केले गेले, तेथे त्यांचे छोटे स्मारक आहे. सामन्याला जाणारी गर्दी त्याच्या जवळूनच जाते.