चवदार तळ्याचा दावा



 नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या वकिलांनी परिषदेसाठी आमचे गाव निवडले, याचा आम्हा महाडकरांना अभिमान आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह करून इथल्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यापुढची कोर्टातली हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि ती तर आपल्या व्यवसायाची आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तसा ठराव केला. तरी पाणी मिळाले नाही. सत्याग्रहानंतर काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला, तोही बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रतिवादी करून. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न जाण्याची वहिवाट अनादी आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. अकरा दिवसांवर सत्याग्रहाची दुसरी परिषद आलेली! तिथे जमलेले हजारो लोक हुकूम मोडून तुरुंगात जायला तयार होते. तरीही बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पाण्याला कोणी हात लावला नाही. एका बॅरिस्टरने आपल्याच माणसांकडे मागितलेला हा संयम किती कठीण होता, याची कल्पना आपल्याइतकी कोणाला येणार?

पुढे तारखा, साक्षी, उलटतपासण्या. १९२८ च्या फेब्रुवारीत मनाई हुकूम उठला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयातले अपील १९३३ साली फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला: अनादी रूढी वादींना शाबीत करता आलेली नाही. ‘पूर्वापार चालत आले आहे’ या शब्दांना गाव मान तुकवत होते. न्यायालयाने त्यांचा पुरावा मागितला. वकिली करण्याचे सार्थक मला इथे दिसते.

घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे लागली, हा उशीर अन्यायच होता. तो आजही संपलेला नाही. अॅट्रॉसिटीचा फिर्यादी किंवा जामिनाची रक्कम भरता न आल्याने आत राहिलेला कच्चा कैदी आपल्या दारापर्यंत पोहोचतच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण हे त्यांना सांगतो कोण? आणि मिळालेला वकील तारखेला उभा राहतो का?

आपल्या राहण्याजेवणात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे. एक मागणे मात्र आग्रहाने करतो. इथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या तालुक्यातले असे एक तरी प्रकरण घ्यावे, वकीलपत्र स्वतःच्या नावाने दाखल करावे आणि निकालापर्यंत एकही तारीख चुकवू नये.