अनेकांचा शोक, एकाचें स्मारक



एखादा मोठा कवि निवर्तला म्हणजे त्याच्या मागें राहिलेले कवि त्याच्यावर कविता लिहितात. ही चाल बहुतेक सर्व देशांत आहे आणि तिच्यांत आश्चर्य कांहीं नाहीं. जो मनुष्य जन्मभर शब्दांच्या संगतींत राहिला, त्याला निरोप द्यावयाचा तो शब्दांनींच, हें उचितच आहे. परंतु एकानें एकांतांत केलेला शोक निराळा, आणि तीस माणसांनीं मिळून, संपादकाच्या बोलावण्यावरून, एका पुस्तकासाठीं केलेला शोक निराळा. पहिल्याच्या खरेपणाविषयीं आपण सहसा शंका घेत नाहीं. दुसरा पाहिला कीं मनांत प्रश्न उभा राहतो: हा शोक आहे कीं नुसता शिष्टाचार? ह्या प्रश्नाचा विचार एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या आधारें आज करावयाचें योजिलें आहे.

त्या पुस्तकाचें नांव 'जॉन्सोनस व्हर्बियस'. नाटककार व कवि बेन जॉन्सन हा १६३७ च्या ऑगस्ट महिन्यांत वारला आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १६३८ सालीं, त्याच्यावरील विलापिकांचा हा संग्रह लंडन येथें प्रसिद्ध झाला. अशा संग्रहांची परंपरा त्या वेळीं नवीन नव्हती. सर फिलिप सिडनी हा कवि १५८६ सालीं नेदरलंड्समध्यें लढाईंतील जखमेनें मरण पावला, तेव्हां ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ह्या दोन्ही विद्यापीठांनीं १५८७ सालीं त्याच्यावरील शोककाव्यांचे संग्रह काढले होते. स्पेनमध्यें लोपे दे व्हेगा हा १६३५ सालीं वारला, आणि १६३६ सालीं निघालेल्या त्याच्या स्मृतिग्रंथांत दीडशेंहून अधिक लेखकांनीं हजेरी लाविली. स्वतः इंग्लंडांत १६३३ सालीं जॉन डनच्या कविता त्याच्या मृत्यूनंतर प्रथमच संग्रहरूपानें छापल्या गेल्या, त्यांच्या शेवटीं मित्रांच्या विलापिका जोडलेल्या होत्या. त्यांतील हेन्री किंग, जॅस्पर मेन, लॉर्ड फॉकलंड हे कवि पुन्हां जॉन्सनच्या संग्रहांतही भेटतात. म्हणजे शोक करण्याचीही एक रूढ रीत बनली होती, आणि ती पाळण्यांत हीं मंडळी चांगलीच सरावलेलीं होतीं.

ज्याच्यासाठीं हा संग्रह झाला तो मनुष्य कसा होता हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी होता आणि जॉन्सननें स्वतःही कांहीं काळ विटा रचण्याचें काम केलें होतें. वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत कॅम्डनसारखा गुरु लाभल्यामुळें त्याला ग्रीक-लॅटिन विद्येची गोडी लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाहीं. १५९८ सालीं द्वंद्वांत एका नटाला ठार मारून तो फांसावर जाण्याच्या बेतांत होता, पण लॅटिन वाचतां येत असल्याच्या आधारावर वांचला. पुढें 'व्होल्पोनी', 'दि आल्केमिस्ट' अशीं नाटकें लिहून त्यानें कीर्ति मिळविली आणि १६१६ सालीं आपलीं नाटकें व कविता 'वर्क्स' ह्या भारदस्त नांवानें मोठ्या आकारांत छापून काढल्या. नाटकासारख्या करमणुकीच्या वस्तूला असें नांव दिल्याबद्दल त्याची थट्टाही झाली.

परंतु त्याचीं शेवटचीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १६२८ सालीं त्याला पक्षाघात झाला आणि त्यानंतर तो बहुधा घरांतच पडून असे. १६२९ सालीं त्याचें 'दि न्यू इन' हें नाटक रंगभूमीवर साफ पडलें. राजवाड्यांतील मास्क नांवाच्या नाट्यप्रयोगांचें काम इनिगो जोन्सशीं झालेल्या भांडणानंतर त्याच्या हातून गेलें. राजा चार्ल्सनें १६३० सालीं दरसाल शंभर पौंडांचें वेतन व कॅनरी मद्याचें एक पिंप बांधून दिलें होतें, तरी पैशाची तंगी त्याच्या पत्रांतून आणि कवितांतून वारंवार डोकावते. लंडनच्या ज्या खाणावळींत तरुण कवींचा मेळावा त्याच्याभोंवतीं भरत असे, आणि जे स्वतःला अभिमानानें बेनचे पुत्र म्हणवीत, तो थाट आतां मागें पडला होता. अशा स्थितींत तो मरण पावला, आणि मग पुत्रांना पित्याची आठवण झाली, असें कोणी कठोरपणें म्हटलें तर त्याला अगदींच खोटें म्हणतां यावयाचें नाहीं.

संग्रहाचें काम ब्रायन डप्पा ह्या धर्माधिकाऱ्यानें अंगावर घेतलें. तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयाचा प्रमुख होता आणि १६३८ सालींच चिचेस्टरचा बिशप झाला. साहजिकच त्या महाविद्यालयांतील विल्यम कार्टराइट, जॅस्पर मेन, रॉबर्ट वेअरिंग अशी बरीच मंडळी संग्रहांत आलीं. त्यांच्या जोडीला एडमंड वॉलर, जॉन क्लीव्हलंड, जेम्स हॉवेल, टॉमस मे आणि नाटककार जॉन फोर्ड हे होते. इंग्रजीबरोबर लॅटिनमध्येंही कविता आहेत आणि एकंदर कवितांची संख्या तीसांवर जाते.

नांवाची कल्पना मोठी मार्मिक आहे. घोड्यांनीं फरफटत नेऊन ठार झालेल्या हिप्पोलिटसला वैद्यराज एस्क्युलेपियसनें पुन्हां जिवंत केलें, आणि डायाना देवीनें त्याला इटलींत अरिशियाच्या उपवनांत व्हर्बियस ह्या नव्या नांवानें लपवून ठेविलें, अशी कथा व्हर्जिल व ओव्हिड ह्यांनीं सांगितली आहे. ज्या घोड्यांनीं त्याचा घात केला त्या जातीला त्या उपवनांत प्रवेश नसे. व्हर्बियस म्हणजे दोनदां झालेला पुरुष, अशीही त्या नांवाची व्युत्पत्ति सांगत. मेलेला जॉन्सन ह्या पुस्तकांत पुन्हां जन्माला आला आहे, असा ह्या नांवाचा दावा आहे.

आतां दावा खरा किती ठरला तें पाहूं. संग्रहाच्या आरंभीं लॉर्ड फॉकलंडची दीर्घ कविता आहे. ती दोन मेंढपाळांच्या संवादाच्या रूपांत आहे. लंडनच्या गल्ल्यांत आणि मद्यगृहांत आयुष्य घालविलेल्या कवीसाठीं मेंढपाळांनीं रडावें, हें प्रथम विचित्र वाटतें. पण हा प्राचीन संकेत होता, आणि खुद्द जॉन्सननें मरतेवेळीं एक मेंढपाळांचें नाटक अपुरें ठेविलें होतें. पुढच्या कवितांत मात्र एक दोष लौकरच जाणवूं लागतो. आतां काव्य संपलें, रंगभूमि विधवा झाली, तुझ्यावर लिहावयाला तुझीच लेखणी हवी होती, ह्या कल्पना एका मागून एक इतक्या वेळां येतात कीं वाचक कंटाळतो. ज्यानें स्वतःच्या सात वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवर अवघ्या बारा ओळी लिहून थांबण्याचा संयम दाखविला, त्याच्यावर हे शिष्य पानेंच्या पानें भरतात. विलापिकेंत थांबण्याला किती किंमत असते हें गुरूनें शिकविलेलें त्यांना शिकतां आलें नाहीं.

परंतु ह्याच कविता दुसऱ्या दृष्टीनें वाचल्या म्हणजे त्यांचा रंग पालटतो. हीं मंडळी रडतां रडतां वाद घालीत आहेत. जॉन्सनवर त्याच्या हयातींत जे आक्षेप घेतले जात, त्यांचा ते एकेक करून समाचार घेतात. तो फार सावकाश लिहितो, अशी लोकांची कुजबुज होती. एका नाटकाला हत्तिणीच्या गर्भाइतका काळ लागतो, असें लोक म्हणत. जॅस्पर मेन हा आक्षेप उघडपणें घेऊन त्याला उत्तर देतो. त्यानें जुन्या ग्रंथकारांतून उसनें घेतलें, असा दुसरा आक्षेप. त्यावर काळाच्या तळाशीं बुडालेलें वर काढणें हेंही श्रमाचें व कौशल्याचें काम आहे, असें उत्तर संग्रहांत मिळतें. त्याची विद्वत्ता आणि शेक्सपिअरची स्वाभाविक प्रतिभा ह्यांची तुलनाही येथें आहे. त्यांत कोणी शेक्सपिअरच्या लॅटिनच्या ज्ञानावर चिमटा काढतो, तर मेन म्हणतो कीं लॅटिनची मदत नसती तरी जॉन्सन हा शेक्सपिअर, बोमंट, फ्लेचर ह्यांच्याच बरोबरीचा ठरला असता. काळानें ह्या तुलनेंत निराळा निवाडा दिला हें खरें. तरीपण एका पिढीनें आपल्या आधीच्या पिढीच्या कवीचें कौशल्य इतक्या बारकाईनें तपासावें, ही साधी गोष्ट नाहीं.

ह्या संग्रहांतील एक नांव मला विशेष विचार करावयास लावतें. तें ओवेन फेल्थमचें. 'दि न्यू इन' पडल्यावर जॉन्सननें संतापून प्रेक्षकांना शिव्या देणारी एक ओड लिहिली होती. तिला फेल्थमनें त्याच छंदांत झोंबणारें उत्तर लिहून आजारी, पराभूत कवीची खोडी काढली होती. तोच फेल्थम येथें शोक करणाऱ्यांच्या पंक्तींत बसला आहे. ह्याला ढोंग म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. ज्याचें एक नाटक आपल्याला आवडलें नाहीं त्याचें एकंदर कर्तृत्व मोठें होतें, असें म्हणण्यास माणूस मोकळा असला पाहिजे. जिवंतपणीं टीका आणि मेल्यावर कृतज्ञता ह्या दोहोंना एका मनांत जागा असूं शकते. मेल्यावर मात्र कृतज्ञतेला उत्तर मिळत नाहीं, एवढाच फरक. आणि तो फरक लहान नाहीं.

जॉन्सनच्या पुत्रांपैकीं आज सर्वांत अधिक वाचला जाणारा जो रॉबर्ट हेरिक, तो ह्या संग्रहांत नाहीं. त्यानें गुरूवर आपल्या छोट्या कविता स्वतंत्रपणें लिहिल्या आणि त्या १६४८ सालीं त्याच्या 'हेस्पेरिडीज' ह्या पुस्तकांत निघाल्या. वेस्टमिन्स्टर ॲबींत जॉन्सनचें भव्य स्मारक उभारावयाचें मनसुबे झाले, ते तडीस गेले नाहींत. जॉन ऑब्री सांगतो कीं तेथून जाणाऱ्या जॅक यंग नांवाच्या गृहस्थानें पाथरवटाला अठरा पेन्स देऊन साध्या फरशीवर कवीच्या नांवाआधीं 'दुर्मिळ' ह्या अर्थाचा एक शब्द खोदविला. तीस कवींच्या पुस्तकापेक्षां तो अठरा पेन्सांचा शब्दच लोकांच्या तोंडीं राहिला.

संगमरवरी स्मारक त्या वेळीं कां झालें नाहीं, ह्याचें कारण यादवी युद्ध हें होय. आणि त्या युद्धाचा प्रकाश पडल्यावर हा संग्रह अगदीं वेगळाच दिसूं लागतो. चार वर्षांत, १६४२ सालीं, राजा आणि पार्लमेंट ह्यांचें युद्ध जुंपलें. नाटकगृहें बंद झालीं. फॉकलंड हा राजाचा सचिव झाला, पण सारखा तहाची आस धरून होता. १६४३ च्या सप्टेंबरांत न्यूबरीच्या रणांगणावर तो पडला, तेव्हां तो चाळिशीच्याही आंत होता. त्याच वर्षीं ऑक्सफर्डांत साथीच्या तापानें कार्टराइट गेला. वॉलर हा राजाच्या बाजूच्या कटांत सांपडून देशाबाहेर घालविला गेला. क्लीव्हलंडनें राजपक्षासाठीं उपहासकाव्यें लिहिलीं. टॉमस मे उलट बाजूस जाऊन पार्लमेंटचा इतिहासकार झाला. जॉन्सनच्या पश्चात् राजकवीचा मान आपल्याला न मिळतां डॅव्हनंटला मिळाला, म्हणून तो रुसला, असें त्याचे शत्रु म्हणत. १६५० सालीं त्याला ॲबींत पुरलें, आणि राजसत्ता परतल्यावर तेथून उकरून बाहेर काढलें.

पुढें १६५१ सालीं कार्टराइटचीं नाटकें व कविता निघाल्या, त्यांच्या आरंभीं पन्नासांहून अधिक कवींनीं आपलीं पद्यें जोडलीं. हेन्री व्हॉन आणि कॅथरिन फिलिप्स हीं त्यांत होतीं. राजाचा शिरच्छेद होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. बिशपांची सत्ता गेली होती आणि रंगभूमि मुकी होती. एका मृत कवीचें निमित्त करून पराभूत पक्षाचे लोक तेथें एकत्र जमले. १६३८ सालीं जो शिष्टाचार होता, तो तेरा वर्षांनीं धैर्याचा प्रकार झाला होता.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाकडे पुन्हां वळूं. सामुदायिक शोक खरा असतो काय? प्रत्येक लेखकाच्या मनांत दुःख किती होतें हें इतक्या शतकांनंतर कोणासही मोजतां येणार नाहीं. पण एक गोष्ट ह्या पुस्तकावरून निश्चित कळते: ह्या लोकांनीं जॉन्सन वाचला होता. त्यांना त्याचीं नाटकें ठाऊक होतीं, त्याच्यावरचे आक्षेप ठाऊक होते, आणि तो कशानें मोठा होता ह्याविषयीं त्यांचें स्वतःचें असें मत होतें. जेथें ते नुसते रडले तेथें त्यांची कविता फिकी पडली. जेथें त्यांनीं त्याच्या कामाविषयीं लिहिलें तेथें ती अजूनही वाचावीशी वाटते.

आपल्याकडेही लेखक गेला कीं शोकसभा भरतात, मासिकांचे स्मृतिअंक निघतात. 'भरून न येणारी पोकळी' हे शब्द आपण सर्वांनीं ऐकलेले आहेत. अशा वेळीं अश्रूंच्या खरेखोटेपणाचा निवाडा करीत बसण्यापेक्षां, बोलणाऱ्यानें त्या लेखकाचीं पुस्तकें उघडलीं होतीं काय, एवढेंच विचारावें. आणि जमल्यास तो प्रश्न लेखक हयात असतांनाच स्वतःला विचारावा. बेन जॉन्सन अंथरुणाला खिळून होता तीं नऊ वर्षें त्याच्या पुत्रांना मिळालेलीं होतीं. आपल्याला किती मिळतील हें कोणास सांगतां येत नाहीं.