ट्रेनर बदलला आणि घोडा धावू लागला



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन घोड्यांच्या शर्यतींवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विपरीत वाटेल. रेस म्हणजे पगाराच्या पाकिटाला लागलेले भोक, एवढीच तिची ओळख कामगारवस्तीत असते. ते मत बदलण्यासाठी आम्ही उभे नाही. पण तबेला हाही एक कारखानाच आहे. तेथे मालक आहे, मुकादमाच्या जागी ट्रेनर आहे, राबणारा सईस आहे, आणि ज्याला युनियनही नाही व वाचाही नाही असा घोडा आहे. म्हणून हा विषय आम्ही आमचाच समजतो.

अमेरिकेत ‘क्लेमिंग’ नावाच्या शर्यती असतात. शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याची किंमत आधीच जाहीर केलेली असते. दुसऱ्या मालकाने शर्यतीपूर्वी चिठ्ठी टाकली की, घोडा जिंको वा हरो, शर्यतीनंतर तो त्याचा होतो. मालक बदलला की बहुधा ट्रेनरही बदलतो. आता समजा, वर्षभर मागे रेंगाळणारा घोडा असा विकला गेला आणि महिन्याभरात वरच्या वर्गातल्या घोड्यांना मागे टाकू लागला. घोडा तोच, पाय तेच. मग बदलले काय?

येथे घाई करू नये. प्रामाणिक कारणे पुष्कळ असतात. नाल नीट ठोकलेली नसेल, दाताला धार आल्याने चारा चावत नसेल, पोटात व्रण असेल, छोट्या पल्ल्याच्या घोड्याला लांब पळवले जात असेल. चांगल्या ट्रेनरची नजर हे हेरते. नव्या फोरमनच्या हाताखाली तोच साचा बरा चालतो, हे आम्ही कारखान्यांतून पाहिलेले आहे. तेव्हा एका घोड्याच्या एका उडीवरून कोणाला चोर म्हणणे अन्यायाचे होईल. पण एकाच माणसाच्या हाती येणारा घोडा मागून घोडा आठवड्यांतच उसळू लागला, तर विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे.

कारण दुसरे मार्गही आहेत. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नाकातून नळीने पोटात सोडतात. त्याने स्नायूंत साठणारे आम्ल मारले जाते व थकवा उशिरा येतो. क्लेनब्युटेरॉल हे खरे तर श्वासनलिकेच्या विकाराचे औषध, पण त्याने मांस भरते. एरिथ्रोपोएटिन तांबड्या पेशी वाढवते. घोड्याच्या प्लीहेत मुळातच अशा पेशींचा मोठा साठा असतो आणि धावताना तो रक्तात उतरतो. त्यात आणखी भर घातली की रक्त दाट होते आणि भार हृदयावर पडतो. शिवाय हे औषध तपासणीत सापडते ते थोडे दिवस. परिणाम मात्र आठवडे टिकतो. शर्यतीनंतर घेतलेला नमुना स्वच्छ निघाला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

9 मार्च 2020 रोजी न्यूयॉर्कच्या संघीय सरकारी वकिलांनी 27 जणांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. त्यांत जॉर्ज नव्हारो आणि जेसन सर्व्हिस हे दोन नामांकित ट्रेनर होते. नव्हारोच्या एक्स वाय जेट या घोड्याने 2019 साली दुबईत मोठी शर्यत जिंकली होती. जानेवारी 2020 मध्ये तो हृदय बंद पडून मेला असे सांगण्यात आले. नव्हारोला डिसेंबर 2021 मध्ये 5 वर्षांची, औषधे पुरवणारे पशुवैद्य सेथ फिशमन यांना 2022 मध्ये 11 वर्षांची आणि सर्व्हिसला 2023 मध्ये 4 वर्षांची शिक्षा झाली. या जाळ्याचा छडा लागला तो शर्यतीनंतरच्या तपासणीने नव्हे, तर चोरून ऐकलेल्या टेलिफोनवरील संभाषणांनी.

सर्व्हिसच्या मॅक्झिमम सिक्युरिटी या घोड्याने आरोप जाहीर होण्याच्या 9 दिवस आधी सौदी अरेबियात 2 कोटी डॉलरांच्या बक्षिसांची शर्यत जिंकली होती. 2024 साली तो विजय रद्द झाला. पण ट्रेनर बदलल्यावर याच घोड्याने 2020 च्या जुलै व ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात शर्यती जिंकल्या. म्हणजे जनावरात गुण होता. तरी आज त्याच्या कोणत्या विजयावर निर्धास्त विश्वास ठेवावा? औषधाने प्रतिस्पर्ध्यांना लुटले आणि त्याचे स्वतःचे नावही लुटले.

आता आमचा खरा मुद्दा. तबेल्यात रात्री कोण येते, सुई कोण टोचते, नंतर घोडा कसा घामाघूम होतो, हे सर्वांआधी कोणाला दिसते? सईसाला. पायाला हात लावून ताप ओळखणारा तो. अमेरिकेतल्या तबेल्यांत यांपैकी पुष्कळजण लॅटिन अमेरिकेतून आलेले, काही हंगामी परवान्यावरचे. अनेकांची राहण्याची खोलीही रेसकोर्सच्या आवारातच. तोंड उघडले तर नोकरी, खोली आणि परवाना एकाच दिवशी जाणार. तो बोलेल कसा? उलट निषिद्ध औषध सापडले की सईसाच्या खोकल्याच्या औषधाकडे बोट दाखवणारे ट्रेनर निघालेले आहेत. विजयाचा फोटो मालकाचा, दोष सईसाचा!

22 मे 2023 पासून अमेरिकेत उत्तेजकांविरुद्ध देशव्यापी नियम लागू झाले. शर्यत नसतानाही तबेल्यात जाऊन नमुने घेता येतात, दिलेल्या उपचारांची नोंद मध्यवर्ती दप्तरात करावी लागते, नाव न सांगता माहिती देण्याचीही सोय आहे. हे चांगलेच झाले. पण निनावी चिठ्ठीवर सारा भरवसा ठेवणे म्हणजे उघडपणे बोलणाऱ्याला संरक्षण नाही अशी कबुली आहे. ज्याच्या नोकरीला लेखी करार आहे आणि पाठीशी संघटना आहे, तोच सही करून साक्ष देतो.

हे दूर देशीचे म्हणून सोडून देऊ नका. महालक्ष्मी आणि पुणे येथेही शर्यती होतात. 1996 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. ठीक आहे, पण कौशल्य म्हणजे माहितीवरून केलेला निर्णय. खरी माहिती सुईत दडलेली असेल, तर तिकीट काढणाऱ्याचे कौशल्य ते कसले? म्हणून ट्रेनर बदलताना घोड्याच्या उपचारांची वही नव्या जागी जावी, अचानक सुधारलेल्या घोड्याची तपासणी तबेल्यात जाऊन व्हावी, आणि तबेल्यातल्या माणसाला कायम नोकरी व निर्भय साक्षीचा हक्क मिळावा, एवढ्या तीन मागण्या कोणत्याही देशातल्या रेसकोर्सपुढे ठेवता येतील. पहिल्या दोन मान्य व्हायला पैसा पुरेल. तिसरीला झगडावे लागेल, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन कागदावर राहतील, असे आमचे स्पष्ट मत आहे.