पोरांनी काढलेला हौद
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विहाराच्या बांधकामावर इतर वक्ते बोलतीलच. आम्ही बोलणार आहोत त्या खांबाला दोऱ्यानं टांगलेल्या आठ पानी चित्रपुस्तिकेवर. येताना कितीजणांनी पाहिली?

ती कुणी सांगून केलेली नाही. रविवारच्या वंदनेनंतर चार पोरं पावसामुळे इथंच अडकली. एकानं दौलताबादचा प्रसंग सांगायला घेतला. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह वेरूळ पाहायला निघाले, वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. सगळे धुळीनं माखलेले. दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून तिथं गर्दी उसळली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत हत्यारी शिपाई. कशाला, तर आत कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून! कोलंबिया आणि लंडनची डॉक्टरेट घेतलेल्या माणसाची ही तऱ्हा. अन् हे दौलताबाद काही लांब नाही, आपल्या जालन्याच्याच रेल्वेलाइनीवर आहे.

दुसऱ्यानं एका मोठ्या हँडबिलाला घड्या पाडून मधोमध चीर दिली, झाली पुस्तिका. तिसऱ्यानं कोऱ्या बाजूवर हौद काढला. चौथा पोरगा शाळा सोडलेला, त्याला धड वाचता येत नाही. पण शिपायाची बंदूक त्यानंच काढली. बाकीचे हौदातलं पाणी काळं रंगवायला निघाले, तर हा भांडला : पाणी बाटलंच नव्हतं, मग काळं कशाला? पाणी कोरंच राहिलं. आम्ही मिलच्या रात्रपाळीत हा प्रसंग किती वेळा वाचला, पण हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

काही वडीलधारे म्हणतात, बाबासाहेबांना कॉमिकात काढणं शोभत नाही. आम्हाला हे पटत नाही. २०११ साली इंग्रजीत ‘भीमायन’ निघालं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. त्यात विखारी बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात घातलंय. त्यांनी आपल्या रीतीनं काढलं, आपली पोरं त्यांच्या रीतीनं काढतील.

आता चाळीसगावचा १९२९ चा टांगा घेतलाय. टांगेवाल्यांनी नकार दिला, आपल्याच नवख्या माणसानं टांगा हाकला अन् बाबासाहेब पुलावर पडून जखमी झाले, तो प्रसंग. पण पोरांना घोडा जमेना. ज्याला घोडा काढता येतो, त्यानं येत्या रविवारी वंदनेनंतर थांबावं. झेरॉक्सचा खर्च आमच्याकडं.

जयभीम!