अंड्याचा बलक, साखरेची पट्टी आणि काळी बुरशी

मी इथे भिवंडीतच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. बोटाला टोचून घेताना बायका हमखास विचारतात, "ताई, एवढ्याशा थेंबातून त्या मशीनला साखर कळते तरी कशी?" आज तिथूनच सुरुवात करते.

आपल्याकडे यंत्रमाग कुणी पाहिला नाही असं घर विरळा. आडवा धागा तुटला की माग थांबवणारा एक लहानसा काटा त्याला असतो. त्या काट्याला कापड कळत नाही, नक्षी कळत नाही. धागा आहे की नाही, एवढंच कळतं. साखरेच्या पट्टीचंही तसंच आहे. पट्टीच्या टोकाला एक एन्झाइम वाळवून ठेवलेलं असतं, आणि ते रक्तातल्या फक्त ग्लुकोजला ओळखतं. दोघांची गाठ पडली की अगदी बारीक वीज तयार होते. मशीन ती वीज मोजतं आणि आकडा दाखवतं. सजीवांमधला एक पदार्थ ओळखायचं काम करतो आणि यंत्र ती ओळख मोजून सांगतं, म्हणून याला म्हणतात बायोसेन्सर. ही कल्पना 1962 साली अमेरिकेतल्या लिलँड क्लार्क यांनी मांडली. आज ती आपल्या पर्समध्ये मावते.

आता दुसरी गोष्ट, पेशीच्या पडद्याची. आपलं सगळं शरीर पेशींचं. प्रत्येक पेशीभोवती चरबीच्या कणांचा दुहेरी पडदा असतो, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी पातळ. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, हे या पडद्यावर ठरतं. त्यात प्रथिनांची दारं असतात, खिडक्या असतात, कुलपं असतात. आपण गिळतो त्यातली कितीतरी औषधं याच दारांवर जाऊन काम करतात. आणि रोगही याच दारांनी शिरतात. पटकीचंच घ्या. पटकीचा जंतू आतड्यात एक विष सोडतो. असं विष असतं हे 1959 साली कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. पुढे कळलं की ते विष आतड्याच्या पेशीच्या पडद्यावरच्या एका ठराविक चरबीकणाला चिकटतं, आणि मग शरीरातलं पाणी धो धो वाहून जातं.

पण जिवंत पेशीत एकाच वेळी हजार गोष्टी चालू असतात. लग्नघरात एकाचंच बोलणं ऐकायचं म्हटलं तर कसं ऐकणार? म्हणून संशोधकांनी पडदाच वेगळा बनवायचं ठरवलं. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम हे अंड्याच्या बलकातलं लेसिथिन पाण्यात मिसळून पाहत होते. लेसिथिनच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे हे कण आपोआप दोन थरांत लागतात आणि त्यांचे इवले इवले पोकळ गोळे होतात. कुणी शिवत नाही, कुणी विणत नाही! या गोळ्यांना लायपोसोम म्हणतात. अगदी पेशीच्या पडद्यासारखा पडदा, पण आत गडबड काही नाही.

हाच पडदा काचेच्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या चकतीवर पसरला, त्यात हवं ते एकच दार बसवलं आणि खाली सेन्सर ठेवला, की नवं औषध त्या दारावर बसतं की नाही ते समोर दिसतं. पटकीचं विष ज्या चरबीकणाला चिकटतं तो कण पडद्यात घातला, तर नमुन्यात ते विष आहे का, हे पडदा सांगतो. औषधाचा प्राण्यांवर आणि माणसांवर प्रयोग करण्याआधीच बरीच चाळणी इथे होते. याच जातीचं एक तळहाताएवढं यंत्र आहे. त्यातला पडदा चरबीचा नसून टिकाऊ पॉलिमरचा असतो, आणि त्यात प्रथिनाचं सूक्ष्म भोक असतं. डीएनएचा धागा त्या भोकातून सरकताना वीज कमीजास्त होते, त्यावरून डीएनएची अक्षरं वाचता येतात. 2015 साली आफ्रिकेतल्या गिनी देशात इबोलाची साथ होती, तेव्हा ही यंत्रं सामानाच्या पेट्यांतून नेली आणि विषाणू तिथल्या तिथे वाचला. चरबीचे पडदे मात्र फार नाजूक. हवा लागली, हलले, की फाटतात. म्हणून ते अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत. कुणी दारावर येऊन "पेशी तपासणारं मशीन" विकायला लागलं, तर चहासुद्धा विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या घराशी काय संबंध? 2021 सालचा मे महिना आठवा. करोनातून उठलेल्या माणसांना काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस झाला. नाक, डोळा, जबडा. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा वरचा जबडा. महाराष्ट्रात रुग्ण फार होते. त्यातल्या बहुतेकांना मधुमेह होता, आणि वर स्टिरॉइडनं साखर आणखी चढलेली. घरची माणसं एकाच इंजेक्शनसाठी दुकानोदुकानी फिरत होती: लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन.

त्या नावातलं लायपोसोमल म्हणजे हेच अंड्याच्या बलकावरून सुचलेले गोळे. ॲम्फोटेरिसिन हे जुनं औषध बुरशीच्या पडद्याला भोकं पाडतं. पण आपल्या पेशींचा पडदाही थोडाफार तसाच, म्हणून ते आपल्यालाही बाधतं. थंडी वाजून ताप येतो, मूत्रपिंडं दुखावतात. तेच औषध कृत्रिम पडद्यात गुंडाळून दिलं की त्रास बराच कमी होतो.

आणि हे काम इथून लोकलच्या अंतरावर, परळच्या केईएम रुग्णालयात झालेलं आहे. बाहेरून येणारं हे औषध सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. केईएममधल्या डॉ. निलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठात लायपोसोमवर काम करणारे डॉ. बिमल कुमार बछावत यांच्या गटाबरोबर, आपल्याकडेच लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन तयार केलं. बिहारच्या काळाआजाराच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. पुढे ते फंगीसोम या नावानं बाजारात आलं. शिरेतून देण्याआधी त्याची कुपी ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावी लागते, म्हणजे गोळे बारीक होतात. निलिमाताई पुढे त्याच केईएमच्या अधिष्ठाता झाल्या. करोनाच्या लशींची नावं आपल्याला तोंडपाठ आहेत, हे नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मला ते बरोबर वाटत नाही.

इंजेक्शन मिळालं तरी साखर उतरल्याशिवाय काळी बुरशी आटोक्यात येत नाही. म्हणून पुन्हा पट्टीकडे येते. पट्टीवरचं एन्झाइम नाजूक असतं, त्याला दमट हवा चालत नाही. आपल्या पावसाळ्यात डबीचं झाकण लगेच घट्ट लावा. पट्ट्या सुट्या काढून रुमालात बांधून ठेवू नका. शेजारणीला दोन द्यायच्या असतील तर तिला घरीच बोलवा. डबीवरची तारीख बघा. टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटावरचा गोडवाही मशीन मोजतं आणि आकडा उगीच वाढतो. लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, दुसरीची वापरायची नाही, सख्ख्या बहिणीची असली तरी.

घरी मशीन नसेल तर वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीसाठी सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासतात. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय तर आपल्या गावातच आहे. कांड्या भरायच्या राहिल्या, पाणी यायची वेळ झाली, ही कारणं मला माहीत आहेत, रोज ऐकते. सकाळी उपाशीपोटी जा, डबा सोबत न्या, आणि रिपोर्टचा कागद फेकू नका, पुढच्या वेळी तो लागतो.