गावचे दुखणे, जगाची वैद्यकी

वैद्यकीय नियतकालिकांविषयी जानेफळसारख्या खेड्यातील सेवानिवृत्त मास्तराने बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी जेमतेम मॅट्रिक. औषधोपचारातले मला काही कळत नाही. परंतु या विषयाशी माझा संबंध एका विद्यार्थ्यामुळे जडला.

मी नोकरीस नवीन होतो. पऱ्हाटीचा भारा उचलताना माझ्या वर्गातील एका मुलास तांबडा विंचू डसला. मंत्र झाले, झाडपाला झाला. मुलगा घामाने निथळू लागला, हातपाय गार पडले, छाती घरघरू लागली. पहाटे तो गेला. ‘आयुष्यच सरले होते’ असे म्हणून लोकांनी मनाचे समाधान करून घेतले.

त्याच काळात आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडकडे विंचूदंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहत होते. घाम, नाडी, रक्तदाब, सारे टिपून ठेवीत होते. त्यांचा लेख 1977 साली इंडियन हार्ट जर्नल या देशी नियतकालिकात आला. पुढे 1982 व 1986 साली लंडनच्या लॅन्सेटने त्यांची निरीक्षणे छापली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वेळेवर मिळू लागली, आणि गंभीर विंचूदंशात शेकडा चाळिसांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. जे ज्ञान माझ्या विद्यार्थ्यास वाचवू शकले असते, ते तेव्हा आमच्या गावापर्यंत पोचलेले नव्हते.

म्हणून मी म्हणतो की, लेख छापणारे व तो पोचविणारे नियतकालिक हेही एक औषधच होय. मुंबईच्या परळ भागातील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय 1926 साली सुरू झाले. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगास ठाऊक झालेला दुर्मिळ रक्तगट डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली प्रसिद्ध केला, तो लॅन्सेटमध्ये. शोध मुंबईचा, पण त्याला वेदी लंडनची! पुढे 1955 साली याच महाविद्यालयाच्या अध्यापकांच्या स्टाफ सोसायटीने ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे त्रैमासिक काढले.

एका महाविद्यालयाचे हे त्रैमासिक परदेशी वाचकांपर्यंत गेले कसे? परदेशी विषयांचे अनुकरण करून नव्हे. आलेला लेख त्या विषयाच्या जाणकारांकडून तपासून घ्यावा, शंका विचाराव्यात, दुरुस्त्या करावयास लावाव्यात, आणि मगच छापावा, ही त्यांची रीत. आम्ही मास्तर वहीवर तांबड्या शाईने खुणा करतो, तसेच हे काम; खाडाखोडीने चिडणारा लेखक पुढे तिचेच आभार मानतो.

दुसरी गोष्ट औदार्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत नाव आले तरी अंक वाचावयास मिळेलच असे नाही. वर्गणी परवडावी लागते. या शतकाच्या आरंभी या त्रैमासिकाने आपले लेख, जुन्या अंकांसह, इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुले केले. परिणाम काय झाला, तो संबंधित मंडळींनी 2005 साली शिकागोच्या परिषदेत मांडला. 1990 ते 1999 या काळातील जे लेख वर्षानुवर्षे कोणी उल्लेखिले नव्हते, त्यांचा आधार जगातील संशोधक घेऊ लागले. लेख तेच, अक्षरे तीच. फक्त कपाटाचे कुलूप निघाले होते.

काही जण विचारतील, खेड्यातील रोगांशी जगास काय कर्तव्य? 2025 च्या आरंभी आपल्याच शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. तेव्हा डॉ. बावस्करांनी येऊन रक्त, केस व रेशनचा गहू यांचे नमुने तपासून घेतले आणि सेलेनियम या द्रव्याच्या आधिक्याकडे लक्ष वेधले. हा प्रश्न शेगावपुरता राहिला काय? धान्य एका प्रांतात पिकते आणि दुसऱ्या प्रांतात खाल्ले जाते.

तालुक्याच्या डॉक्टरांना माझी एवढीच विनंती आहे की, आपण पाहिलेले लिहून ठेवा, आपल्या देशातील नियतकालिकांकडे धाडा, आणि ते परत आले तर सुधारून पुन्हा धाडा. आणि श्रोतेहो, आपल्या घरात कोणी वैद्यकीचे शिक्षण घेत असेल, तर त्याला पदवीबरोबर एक कोरी वहीही द्या. एका मुलाच्या मरणातून दुसरे मूल वाचावयाचे, तर मध्ये कोणीतरी लिहिलेच पाहिजे.