घसरतोय का सुटत नाही?

आज हप्ते आणि हिशोबाची वही बाजूला ठेवू. आज बोलायचंय गाडीच्या क्लचबद्दल. हसू नका, ज्या गटांनी मिळून जुनी गाडी घेतलीय त्यांना माहीत आहे, हा विषय थेट बचतीला हात घालतो.

आमच्या गटाने जुनी पिकअप घेतली ती हळदीसाठी. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून कट्टे भरले की हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायचे, नाहीतर वसमतला. भाड्यात जाणारा पैसा गटात राहावा, एवढाच विचार. पण पहिल्याच हंगामात, ऐन एप्रिलच्या उन्हात, गाडीचा गिअर पडेना. क्लच दाबला तरी नुसती करकर. एका गॅरेजवाल्याने बोनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "क्लच गेला, सगळा सेट बदलावा लागंल." आकडा ऐकून आमच्या खजिनदार ताई मटकन खाली बसल्या. तीन महिन्यांची बचत गेली असती.

मग एका वयस्कर मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घसरतोय का सुटत नाही?"

म्हणजे काय, ते सांगते. इंजिनाला लागून एक जड चाक फिरतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यावर क्लच प्लेट घट्ट दाबून धरलेली असते, दोन तळहातांत ताटली धरावी तशी. दाबून धरणारी ती प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की पकड बसते. पकडच नीट बसत नसेल तर क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही, भरल्या गाडीला चढावर जास्तच जाणवतं, आणि जळका वास येतो. पकड पूर्ण सुटत नसेल तर गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते, पेडल दाबलेलं असूनही गाडी पुढं सरकू बघते. इंजिन बंद केल्यावर तोच गिअर अलगद पडला, तर बहुधा गिअरबॉक्सचा दोष नसतो, क्लच सुटत नसतो.

आमचा क्लच सुटत नव्हता. मामांनी पेडल चार-पाच वेळा भराभर दाबलं आणि गिअर पडला! म्हणाले, "तेलाचा मामला दिसतोय." बोनेट उघडलं तर क्लचच्या तेलाची डबी खुणेच्या खाली. गिअरबॉक्सजवळचा छोटा सिलिंडर ओला. त्यातले रबर बदलले, तेल भरलं, हवा काढली. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालचा नट ढिला करून बुडबुडे जाऊ द्यायचे, नट आवळायचा, मगच पेडल सोडायचं. सीटवर मी बसले होते. पाय भरून आला, पण गिअरबॉक्सला हात न लावता संध्याकाळी गाडी घरी आली.

यात घालायचं ते ब्रेकचं तेल, डबीच्या झाकणावर लिहिलेलंच. इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, रबर फुगतात. आणि पत्र्यावर सांडलं तर रंग जातो. तुमच्या गाडीला तेलाऐवजी केबल असेल तर केबलचे तार तुटलेत का ते बघा, आणि पेडलला वरच्या वर थोडा मोकळा खेळ आहे ना तेही. खेळ अजिबात नसेल तर नवी प्लेटसुद्धा घसरते. फार असेल तर क्लच सुटत नाही. दोन्हींचा इलाज आधी एका नटावर करून बघतात.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांनी क्लच खरोखरच घसरायला लागला. भाव चांगला होता, मीच म्हटलं, "दोन खेपा होऊ द्या." वास येत होता तरी. गाडी उघडली तेव्हा फ्लायव्हील तापून निळं पडलेलं. ते लेथवर न्यावं लागलं, तो खर्च माझ्या हट्टाचा. गिअरबॉक्स उतरवलाच होता म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलले. मजुरी उतरवण्याचीच मोठी असते, ती दोनदा कशाला द्यायची? प्लेट तेलकट निघाली तर मात्र आधी ऑइल सील बघायला सांगा, नाहीतर नवी प्लेटही तशीच जाईल.

घसरतोय का, हे बघायला मोकळी सपाट जागा घ्या. समोर कुणी नको, पोरंसोरं तर नकोतच. हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवून वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड आहे. चालतच राहिलं तर घसरतोय, लगेच क्लच दाबून थांबा. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर प्लेट आणखी जळते.

आमची प्लेट लवकर का झिजली? आमच्या गाडी चालवणाऱ्या ताईंनीच शोधून काढलं. हंगामात यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते. भरली गाडी अर्ध्या क्लचवर तासभर मुंगीसारखी सरकवत होतो. आता ताई गिअर काढून हँडब्रेक ओढतात आणि पुढं चांगली जागा झाली की मगच हलतात. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

ती जळकी प्लेट गटाच्या कपाटात ठेवलीय. कुणी नवीन बाई गाडी शिकायला आली की पहिल्या दिवशी ती तिच्या हातात देतो.